घरचा खांब

भोपळा निकोच्या हातातून निसटला, झालं ते एवढंच. मंगळवारची सकाळ होती. नोएमीनं येर्बाच्या पानांवर कढत पाणी ओतून, चहाच्या पेल्यासारखा कोरलेला तो छोटा भोपळा नेहमीसारखा आधी नवऱ्याला दिला, एवारिस्तोनं पत्र्याच्या नळीनं ओढून तो रिकामा केला, तिनं परत भरला आणि लेकापुढे धरला. निकोनं उजवा हात पुढे केला, बोटं भोपळ्याभोवती मिटलीसुद्धा, आणि तरी भोपळा खाली गेला. फरशीवर हिरवा चोथा पसरला. निको हसला. "झोपच उडाली नाही अजून," म्हणाला, आणि हात टेबलाखाली नेऊन मांडीवर चोळत बसला. नोएमीनं फडकं आणलं, वाकली, पुसलं. माणसाच्या हातून वस्तू पडतात, एवारिस्तोच्या हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातून खिळे पडत असतात. पण वस्तू पडताना हात तिच्यामागे धावतो. आपोआप धावतो, झोपेतल्या माणसाचाही धावतो. निकोचा हात धावला नव्हता. बोटं तशीच अर्धवट मिटलेली हवेत राहिली होती, आणि भोपळा फुटल्याचा आवाज झाल्यावर निकोनं खाली पाहिलं होतं. म्हणजे आवाज झाल्यावर त्याला कळलं. एवारिस्तो उठला, खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला. गाळपाचा हंगाम होता, रात्री कुठेतरी पाचट पेटवलं होतं, आणि शहरावर काळी राख अलगद उतरत होती. नोएमीनं दोरीवर घातलेल्या चादरींवर तिचे बारीक बारीक धागे येऊन चिकटत होते. "गेल्या चादरी," तो म्हणाला. मागून नोएमी म्हणाली, "जाऊ देत चादरी."

हात आपल्याला सोडून कसा जातो हे त्याला मेल्चोरकडून माहीत होतं. मेल्चोर लापाचो रग्बी क्लबचा तीन नंबर, स्क्रमचा उजवा खांब. आठ माणसं इकडून, आठ तिकडून, डोकी खाली घालून एकमेकांत अडकतात आणि रेटतात, तेव्हा सगळ्या वजनाखाली जो माणूस दोन मानांच्या बेचक्यात मान घालून उभा असतो तो हा. तुकुमानमध्ये पोरं धावायला नंतर शिकतात, आधी रेटायला शिकतात. बाकी देशातले लोक हसतात, तुम्ही बैल आहात म्हणतात, म्हणोत. तेव्हा एवारिस्तो तरुण होता, बाकावर बसायचा, मेल्चोरच्या मागे दुसरा. एका शनिवारी स्क्रम कोसळला, पंधरा जण उठले आणि मेल्चोर उठला नाही. पंचानं विचारलं, दुसरा खांब कोण? एवारिस्तोनं हात वर केला. आनंद झाला होता त्याला त्या क्षणी, खोटं कशाला बोला, मेल्चोरला फळीवर घालून नेत होते आणि ह्याच्या छातीत ढोल वाजत होते, की आता आपण. पुढे अकरा वर्षं ती जर्सी त्याच्या अंगावर राहिली. लोक त्याला गेंडा म्हणायला लागले. मेल्चोर चाकाच्या खुर्चीत बसून दर शनिवारी मैदानाच्या दोरीशी यायचा. क्लबनं त्याच्यासाठी उतार बांधला, त्याला त्याचं नाव दिलं, आणि तो त्या उतारावरून वर येताना न चुकता म्हणायचा, "माझ्या रस्त्यावर गाड्या लावू नका रे." सगळे हसायचे. त्यानं फक्त एकदाच, बारच्या कोपऱ्यात, एवारिस्तोला सांगितलं होतं. आधी उजव्या हाताला मुंग्या यायच्या गेंड्या, हातातलं पडायचं, मी हसायचो. एक हात म्हणजे नस, तिचं काय एवढं. मग त्या शनिवारी सकाळी डाव्याला आल्या. तेव्हा थांबायला हवं होतं. दोन्ही हात म्हणजे कणा. पण मी म्हटलं, आजचा दिवस होऊ दे.

दुकानात त्या दिवशी निको खिळे डाव्या हातानं उचलत होता. तराजूत टाकतानाही डाव्या. गिऱ्हाईक गेल्यावर एवारिस्तोनं, पाठ करून, फळीवरच्या कुलपांची धूळ झटकत विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"निको."

निकोनं हातातले खिळे खोक्यात टाकले. मग म्हणाला, "थोडे दिवस झाले. स्क्रममध्ये मान दबली की वीज गेल्यासारखी जाते कोपरापर्यंत. मग तासभर बोटं आपली नसतात."

"आणि डावा?"

"डावा ठीक आहे. बाबा, डावा एकदम ठीक आहे." त्यानं डाव्या मुठीत बापाचा दंड धरून आवळून दाखवला. दुखलं. एवारिस्तोला त्या दुखण्यानं बरं वाटलं. "शनिवारचा सामना होऊ द्या. कुणाला बोलू नका. रविवारी तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो."

"रविवारी कुठला डॉक्टर, गाढवा?"

"मग सोमवारी. आत्ता गेलो तर तो खेळायचं नाही असं लिहून देणार, आणि संपलं. दुसरा कोण आहे?"

दुसरा कोण आहे. निको एवढंच बोलला, पुढचं बोलला नाही, गुणी पोरगा. दुसरा का नाही हे बापाच्या तोंडावर म्हणणं त्याच्या जिभेवर आलंच नाही. आणि न बोललेलं ते वाक्य दिवसभर दुकानात, खिळ्यांच्या खोक्यांमध्ये, एवारिस्तोच्या पायात येत राहिलं. निको वाकून खालच्या खणातून काही काढत होता तेव्हा त्याची मान दिसली, जाड, लालसर, मागे घडी पडलेली. ही मान जन्मली तेव्हा काडीसारखी होती. दवाखान्यातल्या बाईनं ते गाठोडं त्याच्या हातात देताना म्हटलं होतं, मानेखाली हात घाला हो, अजून मान धरत नाही तो. तेव्हा हा आडदांड गेंडा, ज्यानं शनिवारी चारजणांना चिखलात लोळवलं होतं, तो थरथरायला लागला होता. एवढंसं ते डोकं, आणि खाली आपला पंजा, आणि आपण शिंकलो तर?

ह्याच वर्षी, इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारीत, क्लबमध्ये सभा झाली होती. गरमीनं जीव जात होता, पंखे नुसते आवाज करत होते. नुकतंच इटलीच्या क्लबवाल्यांनी येऊन निम्मा संघ उचलून नेला होता. पगार, घर, काय काय. गेली पोरं, जाणारच. तेव्हा काडी रेआर्ते उठला. काडी म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक, अंगानं नावासारखा, आयुष्यात कधी स्क्रममध्ये गेला नाही पण एक सामना चुकवला नाही. त्यानं सांगितलं की शेजारच्या साल्ताचे दोघे भाऊ आहेत, दोघेही खांब, भिंतीसारखे, त्यांना इथं यायचंय, थोरल्याला इथल्या लिंबांच्या कारखान्यात काम मिळतंय, फक्त होय म्हणा. सभा कुजबुजली. दुसऱ्या क्लबचा माणूस आणायचा? लापाचोत? इथं माणूस पाळण्यातून क्लबात येतो आणि पेटीतून बाहेर जातो. तेव्हा एवारिस्तो उभा राहिला होता. टेबलावर मूठ आपटून म्हणाला होता, "खांब बाहेरून आणायचे नसतात. घरात उभे करायचे असतात." काय टाळ्या! शेजारी बसलेल्या मित्रानं, तुर्कानं, त्याला मिठी मारली, म्हातारे डोळे पुसायला लागले, आणि त्याच आठवड्यात कुणीतरी ते वाक्य जांभळ्या रंगानं बारच्या मागच्या भिंतीवर रंगवलं. साल्ताचे भाऊ वाट बघून सान तादेओ क्लबला गेले. मग हंगाम सुरू झाला. पहिल्याच महिन्यात एका खांबाचा गुडघा गेला, दुसऱ्याचा खांदा निखळला, तिसऱ्यानं बायकोच्या धाकानं बूट खुंटीला टांगले. उरला निको. संघ हरत हरत तळाला आला, आणि आता शनिवारी ह्याच सान तादेओशी गाठ होती. जिंकलं तर वरच्या गटात राहायचं, हरलं तर खाली. क्लब उभा राहिल्यापासून लापाचो कधी खाली गेला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी तो क्लबात गेला. न जाणं जमलं नसतं, न गेला असता तर तुर्क घरी आला असता. बारपाशी नेहमीचे तिघं होते. तुर्क, म्हणजे ज्याचा आजा सिरियातून आला म्हणून तीन पिढ्या सगळे तुर्कच म्हणतात तो, कापडाचा व्यापारी, आवाज लाऊडस्पीकरचा. काडी. आणि टेबलाच्या टोकाला, खुर्ची लावून, मेल्चोर. वाद चाललेलाच होता. वर्षभर हाच वाद, फक्त जखमी माणसांची नावं बदलत.

"हे बघ गेंड्या," काडी म्हणाला, "तुझीच वाट बघत होतो. वर वाच काय लिहिलंय. खांब घरातच उभे करायचे. केले. आता खांब एक आणि घर पडायला आलंय."

"तू गप रे काडी," तुर्क ओरडला. "वारं आलं तर उडून जाशील तू, आणि खांबांबद्दल बोलतोस!"

"बोलणार. साल्ताचे घेतले असते तर आज ते आपल्या बाजूनं रेटत असते. आता समोरून रेटणार. तेल गेलं, तूप गेलं, हाती काय राहिलं?"

"धुपाटणं राहिलं, आणि ते मी तुझ्या डोक्यात घालीन. बाहेरचा माणूस! अरे, हरल्यावर तो रडेल का? साल्ताला जाऊन झोपेल खुशाल."

"रडायला माणूस नकोय तुर्का, रेटायला हवाय. रडायला तू आहेस की."

मेल्चोर हसला. तुर्कही हसला, मग परत चिडला. "एकच गोष्ट सांगतो. एक जरी खांब कमी पडला ना, तर पंच काय म्हणणार? बिनरेट्याचा स्क्रम. सोळा जणांनी वाकायचं, एकमेकांना टेकायचं, आणि कुणी ढकलायचं नाही. वर आपला एक गडी बाहेर. लापाचोच्या मैदानावर बिनरेट्याचा स्क्रम! माझ्या बापानं हे मैदान नांगरलंय. त्यापेक्षा तिथं टोमॅटो लावा."

"नाचच तो," मेल्चोर म्हणाला. "मलाही घ्या मग."

"देवाची कृपा, निको ठणठणीत आहे," तुर्क म्हणाला, आणि एवारिस्तोच्या पाठीवर त्याचा पंजा पडला. "पोरगा कसला, म्हैस आहे. काय गेंड्या? आज तोंडाला कुलूप का?"

तो क्षण होता. पुढे एवारिस्तो त्या क्षणाकडे परत परत जाणार होता. बोलायला फार काही नव्हतं. निकोचा हात चालत नाही, एवढे चार शब्द. ते घशापर्यंत आले. पण समोर भिंतीवर त्याचंच वाक्य होतं, जांभळं, ठसठशीत, आणि ते वाचलं की घशातले शब्द मागे फिरत. आपलेच दात आणि आपलेच ओठ. काडी म्हणेल, सांगत होतो. तुर्क काही म्हणणार नाही, नुसता बघेल, आणि ते जास्त वाईट. आणि निको? निको पुन्हा त्याच्या दुकानात पाऊल टाकणार नाही. शिवाय, त्यानं स्वतःला समजावलं, एक हात म्हणजे नस. मेल्चोरच म्हणाला होता. आपल्यालाही कधी कधी खांदा बधिर व्हायचा, आपण काय मेलो? "घसा बसलाय," तो म्हणाला, आणि वाईनचा ग्लास एका दमात संपवला.

निघताना त्यानं मेल्चोरची खुर्ची उतारावरून खाली नेली. अर्ध्यात मेल्चोर म्हणाला, "थांब जरा." लापाचोची झाडं फुलायला लागली होती, पानं नाहीत, नुसती गुलाबी फुलं, आणि फुलांवर उसाची राख. "परवा निकोनं माझ्या खांद्यावर डाव्या हातानं थाप मारली," मेल्चोर म्हणाला.

"बोट मुरगळलंय त्याचं."

"बोट?"

"दुकानात. शटर पडलं बोटावर."

खुर्चीचा सगळा भार एवारिस्तोच्या हातांवर होता, उतार होता, तो आडवा पाय लावून उभा होता. "मग ठीक आहे," मेल्चोर म्हणाला. "चल." आणि तो विश्वास ठेवतोय की सोडून देतोय हे एवारिस्तोला मागून दिसेना.

घरी नोएमी इस्त्री करत होती. राखेचे डाग गेले नव्हते, ती तरी इस्त्री करत होती. तिनं वर न बघता विचारलं, "सांगितलंस?"

"काय?"

"मी आंधळी नाही, एवारिस्तो. फरशी मी पुसली." तिनं चादर घडी घातली, दुसरी पसरली. "उद्या जर्सी तू देणार आहेस ना त्याला? सगळ्यांसमोर? मग देऊ नकोस. सोपं आहे. कधी नव्हे ते देवानं सोपं करून ठेवलंय."

"तुला कळत नाही त्यातलं."

"मला त्यातलं एवढंच कळतं," ती म्हणाली, "की मेल्चोरच्या आईनं स्वतः मरेपर्यंत त्याला भरवलं." आणि तिनं इस्त्री इतकी दाबली की कापडाचा वास आला.

मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी जर्सी द्यायची ही लापाचोची रीत. जुन्या खेळाडूंनी यायचं, ज्यानं जो नंबर घातला त्यानं त्या नंबरची नवी जर्सी आजच्या माणसाच्या हातात द्यायची, दोन शब्द बोलायचे. तीन नंबर खरं तर मेल्चोरनं द्यायचा, पण मेल्चोरनंच पूर्वी सांगून टाकलं होतं, गेंडा देईल, माझ्या हातून पडेल. लोक तेव्हाही हसले होते. शुक्रवारी दालन गच्च भरलं. घामाचा, वाईनचा, तळणीतल्या एम्पानाडांचा, मांस भरलेल्या करंज्यांचा वास. भिंतीवर फोटो, फोटोंत स्वतः एवारिस्तो, चिखलानं माखलेला, दात काढून हसणारा मूर्ख. एक नंबर झाला, दोन झाला. मग त्याचं नाव पुकारलं आणि इतका ओरडा झाला की त्याला वाटलं छत खाली येईल. बरं झालं असतं आलं असतं तर. प्रशिक्षकानं जर्सी त्याच्या हातात दिली. जांभळी, कोरी, नव्या कापडाचा तो कडक वास. समोर निको उभा. दाढी केलेली, केस ओले, डोळे चमकत होते. अगदी पहिल्या दिवशी शाळेत जाताना होता तसा. दोन शब्द बोलायचे होते. एवारिस्तोनं चार दिवस ते घोकले होते, एक पाठ देण्याचा, एक न देण्याचा. न देण्याचा पाठ असा होता: मित्रहो, ही जर्सी आज मी देत नाही. बस. पुढे काय बोलायचं ते त्याला कधीच सुचलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही. लोकांना वाटलं बापाचं मन भरून आलं. "बोल गेंड्या!" तुर्क मागून ओरडला, रडत. एवारिस्तोनं जर्सी पुढे केली. निकोनं दोन्ही हातांनी धरली, पण एवारिस्तोला कापडातून कळलं की ओढ एकाच बाजूनं आहे, डावीकडून. उजवा हात नुसता ठेवलेला होता. त्याला जर्सी सोडवेना. दोघं ती धरून उभे राहिले, मध्ये कापड ताणलं गेलं, आणि ते दृश्य बघून सगळं दालन उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. टाळ्या थांबेनात. निकोनं मान थोडी पुढे आणली आणि ओठ न हलवता म्हणाला, "सोडा बाबा." एवारिस्तोनं मेल्चोरकडे पाहिलं. मेल्चोर टाळ्या वाजवत नव्हता, वाजवूच शकत नव्हता तो. "बाबा, सोडा ना. लोक बघतायत." आणि एवारिस्तोनं सोडली.

घरी आल्यावर नोएमीनं ताट वाढलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी दुपारी वारा सुटला होता. एवारिस्तो दोरीशी आपल्या जागी उभा होता, एका बाजूला तुर्क, दुसऱ्या बाजूला मेल्चोरची खुर्ची. पहिला स्क्रम मैदानाच्या मधोमध. निको खाली वाकला, समोर साल्ताचा थोरला वाकला, दोन्ही मुंडकी एकमेकांच्या खांद्यात गेली, आणि एवारिस्तोनं तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्क्रमकडे पाठ केली. समोर सान हाविएरचा डोंगर होता, वरून हिरवा, मध्ये धूर. तो डोंगराकडे बघत राहिला आणि कानांनी सामना बघत राहिला. आधी पंचाचा आवाज, मग तो धप्प असा आवाज, सोळा माणसं एकदम भिडल्याचा, मांसाचा, जो त्याच्या स्वतःच्या मानेत अजून राहत होता. मग रेटताना तोंडातून निघणारं ते गुरगुरणं. मग शिट्टी. प्रत्येक शिट्टीनंतर तो तुर्काला विचारायचा, "उठले?" आणि तुर्क म्हणायचा, "कोण उठले? काय विचारतोस? बघ की!" "सगळे उठले का?" "उठले बाबा, उठले!" नोएमी आली नव्हती. किती वेळा तो धप्प आवाज झाला त्यानं मोजलं नाही, प्रत्येक वेळी त्याच्या पाठीचा घाम गार व्हायचा आणि शिट्टी झाली की परत वाहायला लागायचा. त्यानं देवाला सांगून टाकलं, आम्ही खाली जातो, तळाला जातो, मैदानात टोमॅटो लावतो, फक्त तो उठू दे. शेवटी शेवटी तुर्कानं त्याची बाही पकडली. लापाचो दोन गुणांनी पुढे, सान तादेओचा स्क्रम अगदी आपल्या रेषेजवळ, शेवटचाच. कोसळला, परत लावला. परत कोसळला. "बघ ना रे!" तुर्क किंचाळत होता. "तुझं पोरगं धरून ठेवतंय त्याला, एकटं धरून ठेवतंय!" धप्प. गुरगुरणं. मग ते गुरगुरणं थोडं थोडं पुढे सरकायला लागलं, आवाजानंच कळलं, आपल्या बाजूनं समोरच्यांवर सरकायला लागलं, आणि मग लांब शिट्टी आणि त्यावर सगळं मैदान फुटलं. तुर्क त्याच्या गळ्यात पडला. काडीही पडला, रडत म्हणाला, "माझं चुकलं गेंड्या, तूच खरा." एवारिस्तोनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. निको उभा होता. दोन पायांवर उभा होता, साल्ताच्या थोरल्यानं त्याला कवेत घेतलं होतं, आणि पोरं त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती. देवानं ऐकलं. एवारिस्तोला हसू आलं आणि ते थांबेना. सोमवारी डॉक्टर. सोमवारी सकाळी, दुकान न उघडता.

मग तिसरा डाव, म्हणजे जेवण. हरलेल्यांनी आणि जिंकलेल्यांनी एका टेबलावर बसायचं, यजमानांनी वाढायचं. निकोच्या एका बाजूला साल्ताचा थोरला बसला, दुसऱ्या बाजूला एवारिस्तो. "माणूस आहेस की भिंत?" साल्तावाला निकोला म्हणत होता. "मी दाबतोय, दाबतोय, वाटलं आता मोडेल हा." निको हसत होता. थोडा पांढरा दिसत होता, पण सगळेच पांढरे दिसत होते. मांसाच्या जाड फोडी ताटात आल्या. निकोनं सुरीकडे पाहिलं आणि सुरी उचलली नाही. एवारिस्तोनं, जणू आपलंच ताट आहे असं, त्याचं ताट ओढून घेतलं आणि बारीक बारीक तुकडे करून दिले. तुर्कानं ते पाहिलं. "बघा, बघा! म्हैस आणि तिचं रेडकू!" सगळं टेबल हसलं. मग तुर्क खुर्चीवर चढला, भिंतीवरच्या जांभळ्या अक्षरांकडे बोट करून म्हणाला की पुढच्या वर्षीही बाहेरचा एक माणूस नको, कोण कोण कबूल आहे, हात वर करा. हात वर झाले. काडीचासुद्धा झाला. निकोनं डाव्या हातात काटा घेतला होता, तुकड्यात खुपसला होता, तोंडाकडे नेला होता. काटा ताटात पडला. हात त्याच्यामागे धावला नाही. अर्धवट मिटलेली बोटं तशीच तोंडासमोर राहिली, आणि आवाज झाल्यावर निकोनं खाली पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. तो हसायला गेला.

"बाबा," तो म्हणाला, "पायपण जड वाटतायत."

टेबलापलीकडून मेल्चोरचा आवाज आला, हळू, पण त्या गोंगाटात एवारिस्तोला तेवढाच ऐकू आला. "हलू नकोस पोरा. गेंड्या, हलू देऊ नकोस त्याला. मान धर. काडी, ॲम्ब्युलन्स. आत्ता."

काडीचा वर गेलेला हात खाली आला आणि तो धावला. एवारिस्तो उठून लेकाच्या मागे उभा राहिला. दोन्ही पंजे त्यानं निकोच्या कानांखाली ठेवले, बोटं मानेच्या मागे एकमेकांत गुंफली, आणि ते जड, ओलं डोकं आपल्या हातांत घेतलं. हात थरथरत होते. ते थरथरू नयेत म्हणून तो श्वास धरून उभा राहिला. "आहे मी," तो म्हणाला. "धरलंय." निकोनं डोळे मिटले. खुर्चीवरून तुर्कानं ते पाहिलं, बाप लेकाचं डोकं छातीशी धरून उभा आहे, आणि त्याला राहवलं नाही. त्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळेच वाजवायला लागले.